अस्पासियाच्या अथेन्सात आमच्या सरपंचबाई

तीस वर्षं मी सोलापूरच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवला. त्यात ग्रीसच्या वाट्याला दीड पान यायचं. पेरिक्लीस हा अथेन्सचा मोठा पुढारी, त्याच्या काळात लोकशाही बहरली, संगमरवरी मंदिरं उभी राहिली, एवढं सांगून मी रोमच्या वाटेला लागायचो. अस्पासिया त्या दीड पानात नव्हती. निवृत्तीनंतर इकडचं तिकडचं वाचताना ती भेटली आणि डोक्यात जी घुसली ती निघेना. बाई परमुलखातली, कायद्याने बायको होऊ न शकणारी, आणि तरी गावभर बोलबाला असा की बोलतो पेरिक्लीस, पण ते म्हणणं असतं हिचं. आमची मुलगी शिल्पा अथेन्सात नोकरीला लागली आणि "अप्पा, अव्वाला घेऊन एप्रिलमध्ये या" म्हणाली, तेव्हा मला अस्पासियाचा पत्ता मिळाल्यासारखंच झालं.

आता पुढचं समजायला घरची एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमचं गाव होटगीच्या पलीकडे आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, का ते पुढे कळेल. जागा महिलेसाठी राखीव झाली आणि माझी बायको महादेवी सरपंच झाली. उभी राहा म्हणून मीच मागे लागलो होतो. तिचं माहेर दुधनीचं, घरची भाषा कानडी; चारचौघांत मराठी बोलायला ती बिचकते. म्हणून भाषणं मी लिहितो. ग्रामसभेत मी पहिल्या रांगेत बसतो आणि मी मान हलवली की ती "व्हय" म्हणते. गावात तिला सरपंचबाई म्हणतात आणि मला सरपंच. माझ्या पाठीमागे सरपंचपती म्हणतात हेही मला ठाऊक आहे.

एक मेच्या ग्रामसभेत एक ठराव येणार होता. बसण्णा हा माझा कॉलेजपासूनचा जिवाभावाचा मित्र. त्याला शाळेच्या मागच्या माळावर खडी क्रशर टाकायचा होता आणि ग्रामपंचायतीची ना हरकत हवी होती. बदल्यात वस्तीच्या रस्त्याला लागेल तेवढी खडी तो देणार होता. मी त्याला शब्द देऊन बसलो होतो. महादेवीचा शब्द, अर्थात. ती नुसतं "बघू" म्हणाली होती. शाळेतल्या पोरांच्या आयांनी तिला गाठलं होतं हे मला माहीत होतं, पण भाषण नीट पाठ झालं की सगळं सुरळीत होईल असा माझा हिशेब होता. दोन पानी भाषण घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि निघालो.

किप्सेली

शिल्पा किप्सेली नावाच्या भागात राहते. उभ्या चढाचे रस्ते, फुटपाथवर कडू संत्र्यांची झाडं, आणि प्रत्येक गॅलरीला उन्हासाठी कापडी पडदा. एप्रिल होता, पण सोलापूरच्या मानाने ते ऊन म्हणजे आमची डिसेंबरची सकाळ. महादेवीने स्वेटर काढलाच नाही.

खालच्या मजल्यावर घरमालकीण एलेनीबाई राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांना ग्रीकशिवाय काही येत नाही. दुसऱ्याच दिवशी शिल्पा ऑफिसला गेली आणि बाईंनी आम्हाला हाताला धरून जेवायला नेलं. मांसमच्छीचं कसं होणार म्हणून मी धास्तावलो होतो. पण त्यांचा ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास चालू होता. त्यात मांस, अंडी, दूध काही चालत नाही, म्हणजे आमच्यापेक्षाही कडक. त्यांनी पिवळ्या डाळीचं घट्ट वरण केलं होतं, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. आणि द्राक्षाच्या पानात भात घालून वळलेल्या बोटाएवढ्या गुंडाळ्या. आमच्या जिल्ह्यात द्राक्षाच्या एवढ्या बागा, पण पानं खावीत असं कुणाच्या मनात आलं नाही.

महादेवीने सहा गुंडाळ्या खाल्ल्या. एलेनीबाईंनी आणखी दोन पुढे केल्या.

"न्हाय, न्हाय," महादेवी म्हणाली.

बाईंचा चेहरा फुलला. त्यांनी चार वाढल्या.

"आवो, सांगा की त्यास्नी! न्हाय म्हंते तरी वाढत्यात."

मी पुढे झालो, हात आडवा धरला आणि स्पष्ट, शिक्षकी आवाजात म्हणालो, "नै, नै, नै!" बाईंनी टाळी वाजवली आणि अख्खं पातेलंच आमच्याकडे सरकवलं. संध्याकाळी शिल्पा आली तेव्हा तिची आई पोटावर हात ठेवून सोफ्यावर आडवी होती आणि एलेनीबाई सगळ्या बिल्डिंगला सांगत होत्या की भारतातली माणसं जेवायला फार चांगली.

शिल्पा हसून हसून खाली बसली. "अव्वा, ग्रीकमध्ये 'नै' म्हणजे हो. नको असेल तर 'ओही' म्हणायचं."

"ओही?" महादेवी उठून बसली. "म्हंजे आपलं न्हाय त्यांचं व्हय, आन् आपलं व्हय त्यांचं न्हाय?"

"अगदी तसंच."

ती परत विसरेल म्हणून शिल्पाने कागद मागितला. माझ्या खिशातलं भाषण हाताशी होतं; त्याच्याच पाठकोऱ्या बाजूवर तिने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: नै म्हणजे होय, ओही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी महादेवीने परतफेड म्हणून घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाली नेली. एलेनीबाईंनी भाकरी टकटक वाजवून पाहिली आणि फडताळातून आपली बार्लीची कडक पावरोटी काढून तीही वाजवून दाखवली. दोघींनी आपापलं पाण्यात भिजवून खाल्लं. भाषेचं अडलं तर महादेवी कागद बघायची. मला कोणी विचारत नव्हतं.

प्निक्स

प्निक्स ही अथेन्सची ग्रामसभा भरायची ती टेकडी. नाव उच्चारताना जिभेला कसरत पडते. वर काही नाही, खडकाळ उतार, पिवळी रानफुलं आणि खडकातच कोरलेला एक चौकोनी ओटा. त्या ओट्यावरून पुढारी बोलायचे. समोर अक्रोपोलिसची मंदिरं उन्हात पांढरी दिसत होती. ओट्याला दोरी लावलेली आहे, वर चढता येत नाही. मी दोरीला हात लावून उभा राहिलो आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं दीड पानात उरकलेली लोकशाही पायाखाली होती.

"बायका कुटं बसायच्या?" महादेवीने विचारलं.

"बायकांना यायला बंदी होती."

"मंग ती तुमची अस्पासिया?"

एका दगडावर बसून मी तिला सगळी कथा सांगितली. अस्पासिया आली समुद्रापलीकडच्या मिलेटस गावाहून. पेरिक्लीसने बायकोशी काडीमोड घेतलेला होता. तो हिच्यासोबत राहू लागला. सांगतात की घराबाहेर पडताना आणि घरी परतल्यावर तो रोज तिचा मुका घ्यायचा.

"रोज? आन् लोकांस्नी ठावं हुतं?"

"अडीच हजार वर्षांनी आपल्याला ठाऊक आहे म्हणजे बघ."

"तुमी नुसतं 'येतो' म्हंताय," ती म्हणाली. "तेबी दारातनं भाईर पडल्यावर."

मी विषय पुढे ढकलला. तिच्या घरी मोठमोठे विचारवंत येत, ती उत्तम बोलते असा लौकिक होता, पेरिक्लीसची भाषणं तीच लिहिते अशी कुजबुज होती. लढाया झाल्या तरी नाटकवाले म्हणायचे, हिच्यामुळेच झाल्या. तिला नाही नाही त्या शिव्या रंगमंचावरून दिल्या गेल्या. तिच्यावर खटला भरला आणि तिला सोडवताना पेरिक्लीस सगळ्यांसमोर रडला असंही सांगतात. खरं किती, कोण जाणे.

"आन् ती सोता काय म्हंली?"

"तिचं स्वतःचं लिहिलेलं काही उरलं नाही. तिच्या तोंडी जे आहे ते पुरुषांनी घातलेलं."

ती ओट्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ऐकून रमली. वेळ चांगली होती, म्हणून निघताना तिच्याकडून परत घेतलेलं भाषण मी खिशातून काढलं. "महादेवी, लोकशाही जिथे सुरू झाली तिथे उभी राहून एकदा म्हण बघू. शिल्पाला दाखवायला मोबाइलवर घेतो."

ती दोरीशेजारी उभी राहिली. पदर सावरला. "सन्माननीय ग्रामस्थ बंधुभगिनींनो" पासून ठरावापर्यंत तिने धडाधड वाचलं. "प्रस्तुत प्रकल्पास ग्रामपंचायतीची कोणतीही हरकत नाही" या वाक्यावर येऊन ती थांबली. कागद उलटा केला, पाठीमागचं शिल्पाचं अक्षर पाहिलं, परत सुलटा केला.

"ह्यात माझं काय हाय?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिने समोरच्या रिकाम्या उताराकडे तोंड वळवलं आणि ती कानडीत बोलू लागली. घरची कानडी मी गेली छत्तीस वर्षं ऐकतोय, पण ही तशी नव्हती. शाळेच्या खिडक्या माळाकडे उघडतात, ती म्हणाली. उन्हाळ्यात त्या लावून घेतल्या तर पोरं उकडून निघतील आणि उघड्या ठेवल्या तर खडीची भुकटी खातील. ज्वारी फुलोऱ्यात असताना कणसावर धूळ बसली तर दाणा भरायचा कसा? बहिणीच्या गावाला क्रशर झाला तेव्हापासून ती हुरड्याला कोणाला बोलवत नाही. रस्ता हवाच आहे, पण तो मागून घेऊ, त्यासाठी शाळा कशाला द्यायची? एकदाही न अडखळता ती पाचेक मिनिटं बोलली. बाजूने चाललेले चार-पाच परदेशी प्रवासी थांबले होते. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला अभिमान वाटायला हवा होता. मला राग आला. "मी बसण्णाला शब्द दिलाय," मी म्हणालो.

"मला इचारून?"

"त्यात विचारायचं काय? मी आजवर तुझ्या वाईटाचं काही केलंय?"

"न्हाय," ती म्हणाली. "पर इचारलंबी न्हाय."

आम्ही टेकडी उतरलो. रागाच्या भरात मी चुकीच्या बसमध्ये चढलो, तीही मागोमाग चढली, आणि आम्ही दोघं समुद्राकाठच्या कुठल्याशा उपनगरात जाऊन पोचलो. तिथून शिल्पाला फोन करून घ्यायला बोलवावं लागलं.

मातीचं घड्याळ

दुसऱ्या दिवशी शिल्पाने सुट्टी काढली आणि आम्हाला जुन्या बाजारचौकातल्या संग्रहालयात नेलं. महादेवी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. एका काचेमागे मातीची दोन भांडी होती, एक वर, एक खाली. वरच्याला तळाशी बारीक तोटी. शिल्पाने पाटी वाचून सांगितलं की हे न्यायालयातलं पाण्याचं घड्याळ. वरच्या भांड्यातलं पाणी संपेपर्यंत बोलायचं, सुमारे सहा मिनिटं. मग गप्प. माणूस कितीही मोठा असो.

"अगं, ही तर आपली गळती!" महादेवी जवळजवळ ओरडलीच. महादेवाच्या पिंडीवर थेंब थेंब पाणी पडावं म्हणून टांगतो ते तांब्याचं अभिषेकपात्र. "आमच्या दुधनीच्या अप्पांची हाय की घरात." ती काचेला नाक लावून ती तोटी किती वेळ निरखत होती. पहारेकऱ्याने दोनदा मागे सरकायला सांगितलं. मी मात्र मनात विचार करत होतो की बसण्णाला फोन करून काय सांगायचं. त्याचे तीन मेसेज येऊन पडले होते आणि मी एकाही मेसेजला उत्तर दिलं नव्हतं.

केरामिकोस

निघायच्या आदल्या दिवशी मी एकटाच केरामिकोसला गेलो. शहराच्या वेशीबाहेरचं जुनं स्मशान. वाटेच्या दोन्ही अंगांना कोरीव दगड, त्यांवर निरोप घेणारी माणसं, हातात हात दिलेल्या बायका, एक कुत्रा. मध्येच झुळूझुळू ओढा वाहतो आणि त्यात कासवं पोहतात. पेरिक्लीसला याच वाटेवर कुठेतरी पुरलं असं जाणकार मानतात. अस्पासियाचा दगड नाही. मी तरी शोधला. तिथल्या तिकीटवाल्या मुलीला विचारलं तर तिने भुवया वर केल्या, मान मागे टाकली आणि म्हणाली, "ओही."

एका कठड्यावर बसलो आणि मला कथेचा तो भाग आठवला जो मी महादेवीला सांगितला नव्हता. अथेन्सचा नागरिक व्हायचं तर आई आणि बाप दोघंही अथेन्सचेच हवेत, हा कायदा खुद्द पेरिक्लीसने करून घेतला होता. पुढे अस्पासियापासून त्याला मुलगा झाला. आपल्याच कायद्याने तो परका ठरला. मग साथ आली. पहिल्या बायकोची दोन्ही मुलं त्यात गेली. तेव्हा हा एवढा मोठा माणूस लोकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, माझा कायदा माझ्या मुलापुरता बाजूला ठेवा. लोकांनी ठेवला.

हा भाग मी का गाळला? खरं कारण तिथे बसल्यावर कळलं. अस्पासियाच्या कथेत मी स्वतःला तिच्याच जागी पाहत होतो. पडद्याआड राहून भाषणं लिहिणारा, खरी अक्कल ज्याची तो. छान वाटायचं. पण परगावची, परभाषेची, जिच्या तोंडी दुसऱ्याने शब्द घातले ती माझ्या घरात होती. मी तिच्यावर प्रेम करतो, यात खोट नाही. पण प्रेमाच्या जोरावर मी तिची सही वापरत होतो. आता माझा शब्द मागे घ्यायचा तर चारचौघांसमोर उभं राहावं लागणार होतं, आणि त्याची मला भीती वाटत होती. मी पेरिक्लीस नव्हे.

संध्याकाळी भाषणाचा कागद मी महादेवीला दिला. "पाठ नको करूस," म्हणालो. तिने तो घेतला, पाठकोरी बाजू वर ठेवून घडी घातली आणि एलेनीबाईंना आठवण म्हणून देऊन टाकला. दोघी दारात गळ्यात पडून रडल्या.

गावात

गावी आलो तेव्हा उन्हाचा पारा चढलेला होता. बसण्णाकडे जाऊन सांगायचं धाडस मला झालं नाही. दोनदा त्याच्या घराच्या वळणावरून परत फिरलो.

एक मेला झेंडावंदन झाल्यावर पंचायतीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली. बायका एरवी पाच-सहा असतात, त्या दिवशी मागची सगळी जागा त्यांनी भरली होती. मी शेवटच्या रांगेत बसलो. समोर टेबलाशेजारी लोखंडी तिपाई होती आणि तिला दुधनीची तांब्याची गळती टांगलेली. खाली घमेलं.

"ज्यानं त्यानं एक गळती बोलायचं," महादेवी म्हणाली. कागद नव्हता. "पाणी सपलं की खाली बसायचं. सरपंचानंबी."

लोक हसले, पण पाणी पडू लागल्यावर गंमत अशी झाली की बोलणारे मुद्द्यावर येऊ लागले. ठराव आला. महादेवीने आधी आपलं म्हणणं मांडलं, निम्मं मराठी, निम्मं कानडी, प्निक्सवर मांडलं होतं तेच. मग बसण्णा उठला. खडीचं, रस्त्याचं सांगून शेवटी तो म्हणाला, "सरपंचबाई आता काय बी म्हनू द्या. सरांनी मला शब्द दिलाय. इचारा त्यास्नी, हितंच हायत की."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. महादेवीने ग्रामसेवकाला गळती भरायला सांगितली आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, तुमी बोला." छत्तीस वर्षांत तिने मला सर म्हटलेलं नव्हतं.

मी उभा राहिलो. शिक्षकाची खोड, सुरुवात केली ती अडीच हजार वर्षांपूर्वीपासून. अथेन्स, तिथली टेकडी, तिथला पुढारी, त्याने केलेला कायदा. मी साथीपर्यंत आलो आणि थेंब थांबला.

"पाणी सपलं, सर," महादेवी म्हणाली. शेड हसायला लागली. ती मात्र हसत नव्हती. "क्रशर हितं व्हावा का? व्हय की न्हाय, तेवढंच सांगा."

बसण्णा माझ्याकडे बघत होता. कॉलेजात एका ताटात जेवलेला माणूस. आजही तो माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं दुःख मला रोज होतं.

"न्हाय," मी म्हणालो.

त्याने खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि तो निघून गेला. हात वर झाले, मोजले गेले, ठराव पडला. ग्रामसेवक वहीत लिहीत होता. "सरांचंबी न्हाय म्हनून लिवू का?" त्याने विचारलं.

महादेवी पहिल्यांदा हसली. "लिवा की," ती म्हणाली. "पर अथेन्सात ह्यालाच व्हय म्हंत्यात."

सभेत कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं.